खाण भरू द्या, ओहोळ अडवू देऊ नका

प्रश्न : वांगणीच्या पुढे उल्हास नदीलगत आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. शेजारच्या जमिनीत पूर्वी गोटे आणि मुरूम काढायची खाण होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. नव्या मालकाने दिवाळीनंतर तिथं डेब्रिज टाकायला सुरुवात केली. शेतघरांचं प्लॉटिंग करणार म्हणतात. भराव आता आमच्या बांधाच्या वर गेलाय. होळीच्या सुमारास त्यांनी आमच्या खाचरांचं पाणी नदीकडे नेणाऱ्या ओहोळावर भिंतही घातली. २०१९ च्या पुरात आमच्याकडे कमरेएवढं पाणी होतं. मालकाचा माणूस ना-हरकत पत्रावर सही मागतोय, पैसेही देतो म्हणतो. काय करावं?

उत्तर : ताई, सही करू नका. आपल्या शेतातलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवरून वाहून जावं, हा हक्क १८८२ च्या ईझमेंट (सुविधाधिकार) कायद्याचं कलम ७ मान्य करतं. तुमच्या सहीचा कागद उद्या कोर्टात तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल.

आता थोडं न रुचणारं. पत्रावरून वाटतं, खड्डा बुजवणंच थांबावं अशी तुमची इच्छा आहे. तसा दावा लावू नका. खोदलेली जमीन पूर्ववत करणं हा गुन्हा नाही, उलट खाणपट्ट्यांच्या अटींत तेच अपेक्षित असतं. नदीकाठचा उघडा खड्डा तुमच्याही हिताचा नाही. मोठ्या पुरात नदी स्वतःच्या आणि खड्ड्याच्या मधली जमिनीची पट्टी फोडून त्यात घुसते आणि आजूबाजूचे काठ खचतात. शिवाय, तुमच्याकडे येणारं पुराचं थोडं पाणी शेजाऱ्याच्या खड्ड्यात मावतं, म्हणून तो तसाच ठेवा, असं म्हणण्याचा हक्क कायदा तुम्हाला देत नाही. पुरापासून स्वतःची जमीन वाचवायला बांध घालण्याची मुभाही न्यायालयांनी मालकाला दिलेली आहे. मात्र पाण्याची नैसर्गिक वाट अडवण्याची दिलेली नाही. म्हणून तुमची हरकत दोनच गोष्टींना हवी : मूळ पातळीच्या वर गेलेला भराव आणि ओहोळावरची भिंत.

भिंतीसाठी मामलेदार (म्हणजे आजचे तहसीलदार) न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. शेतजमिनीत येणाऱ्या वा तिथून जाणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवला, तर तो अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. खर्च किरकोळ, जागेची पाहणी होते. पण दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत लागतो. होळीपासून मोजलं तर तुमची मुदत गणपतीच्या आसपास संपते. तोवर थांबलात तर पावसाळा त्या भिंतीमागेच जाईल, तेव्हा या महिन्यातच अर्ज टाका. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण करता येतं आणि दिवाणी न्यायालयाचा मार्गही उघडा राहतो.

भराव तातडीने थांबवायचा असेल तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मागावा लागेल. इथं एक अडचण येते. सरकारी कार्यालयाला प्रतिवादी केलंत की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडी दाखवून न्यायालयाची परवानगी घेता येते, पण बहुतेक वेळा फक्त मालकावर दावा लावणं सोयीचं.

खरी लढाई पातळीची आहे आणि ती नजरेने जिंकता येत नाही. सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) लेव्हल घ्या : तुमचा बांध, भरावाचा माथा, ओहोळाचा तळ आणि २०१९ च्या पाण्याची खूण, चारही एकाच संदर्भबिंदूवरून. त्या वर्षीचा तलाठ्याचा पंचनामा असेल तर तो सोन्याचा. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून हजारावर प्रवासी सोडवावे लागले, हे सर्वज्ञात असलं तरी तुमच्या गटात पाणी किती होतं ते त्याने सिद्ध होत नाही. गाव नकाशात ओहोळ दाखवलेला आहे का ते पाहा आणि जुनी उपग्रहचित्रं तारखेसह छापून ठेवा.

जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात पूररेषांचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र : शेती, बाग, मैदान चालतं, घरं नाहीत. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथं जोत्याच्या उंचीच्या अटी लागतात. ही जमीन निळ्या रेषेच्या आत निघाली, तर शेतघरांची स्वप्नं विकणाऱ्याला तुमच्यापेक्षा नियोजन प्राधिकरणाची भीती जास्त वाटेल. जुन्या खाणीचा परवाना आणि त्याच्या अटी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वेगळ्या अर्जाने मागा. भरावात बाहेरून आणलेला मुरूम असेल तर वाहतूक पास आहे का आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलं का, हे तहसीलदारांना लेखी विचारा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) चा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो.

पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, तिथंही मुदत सहा महिन्यांची, कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस. डेब्रिज थेट नदीत उतरत असेल तर तिथं जा. नुसत्या बांधाच्या भांडणासाठी नको.

आणि या पावसात पाणी साचलंच, तर त्याच दिवशी तलाठ्याला लेखी कळवून पंचनामा मागा. पाणी ओसरल्यावर आलेला पंचनामा भरपाईच्या दाव्यात फारसा उपयोगी पडत नाही.