आर्थिक विषमतेमुळे माणसाचे स्वातंत्र्य खरोखर कमी होते का?

होते, आणि त्यासाठी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण पुरेसे आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी, जिला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात (या शब्दातून माणूसच गळून गेला आहे), पाच-सहा महिने उसाचा फड सोडू शकत नाही. आजारपणाचा खाडासुद्धा अनेकदा पैशांत वसूल केला जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली, तरी गाठीला काहीच नसलेल्या माणसाचा काम नाकारण्याचा हक्क कागदावरच राहतो. मुलांचे नुकसान याहून खोल आहे: शाळा ऐन भरात असताना त्यांतील कितीतरी जण कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असतात, आणि त्यांच्यापैकी गणितात कोणाची बुद्धी चालली असती, हे कोणाला कळतच नाही.