श्रीलंका सावरली म्हणतात, मग माल उधारीवर द्यायचा का?

प्रश्न: कळमन्याला आमचा सुक्या मिरचीचा धंदा आहे. २०२२ मधे कोलंबोच्या एका पार्टीकडे आमचे पैसे सात महिने अडकून पडले होते. माणूस चांगला, रोज फोन उचलायचा पण म्हणायचा बँकेत डॉलरच नाही. आता तोच परत ६० दिवसांच्या उधारीवर माल मागून राहिला. श्रीलंका खरंच सावरली का? (एक व्यापारी, नागपूर)

उत्तर: भाऊ, तो माणूस तेव्हा खोटं बोलत नव्हता. मे २०२२ मधे तिथल्या सरकारकडे वापरता येतील असे ५ कोटी डॉलर सुद्धा उरले नव्हते, अख्ख्या देशाकडे! १२ एप्रिललाच त्यांनी बाहेरचं कर्ज फेडणं थांबवलंय म्हणून जाहीर केलं होतं, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. त्याच्या खात्यात तिकडचे रुपये असतील पण ते बदलून डॉलर द्यायला बँकेकडे नकोत का.

आणि रुपयाचं काय झालं ते तुमच्याच मालावर बघा. १००० डॉलरची मिरची फेब्रुवारीत त्याला साधारण २ लाख श्रीलंकन रुपयांत पडत होती, मे मधे तीच मिरची ३ लाख ६० हजाराला. पोतं तेच, मिरची तीच. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, पेट्रोल क्यूआर कोड दाखवून मोजूनच, सुरुवातीला मोटरसायकलला आठवड्याचं ४ लिटर. सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या आसपास होती. २०१९ च्या शेवटी व्हॅट (विक्रीवरचा कर) १५ वरून एकदम ८ टक्क्यांवर आणला, मग कोरोनानं टुरिस्ट बंद, त्यात २०२१ ला रासायनिक खतावर बंदी घालून भाताचं पीक घालवलं, एवढं सगळं एका मागे एक झाल्यावर काय उरणार. २०२२ मधे आपल्या देशानं जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली म्हणून औषधं अन इंधन तरी पोचलं.

आता सावरली का, तर हो, हिशोबाच्या वहीत नक्कीच सावरली. मार्च २०२३ ला आयएमएफनं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं) सुमारे ३ अब्ज डॉलरच्या कर्जाचा कार्यक्रम मंजूर केला, डिसेंबर २०२४ मधे साडेबारा अब्ज डॉलरच्या थकलेल्या बाँडच्या (कर्जरोख्यांच्या) बदल्यात नवे बाँड दिले, परकीय चलनाची गंगाजळी ६ अब्जांवर आली, २०२४ ला अर्थव्यवस्था ५ टक्के वाढली, त्याच वर्षी २० लाखांवर टुरिस्ट आले अन त्यात सगळ्यात जास्त आपलेच लोक. डॉलर ३०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास येऊन थांबला. २०२० पासून बंद असलेली गाड्यांची आयात पण फेब्रुवारी २०२५ ला सुरू केली, हातात डॉलर नसते तर हे केलंच नसतं.

पण याची किंमत कोणी दिली ते विसरू नका. व्हॅट १८ टक्के झाला, विजेची बिलं काही पटीनं वाढली, जागतिक बँकेच्या अंदाजानं २०२४ मधे चारातला एक माणूस गरीब होता, २०१९ च्या दुप्पट. मला हे फार लागतं. तुमची मिरची शेवटी ज्याच्या भाजीत जाते तो माणूस अजून सावरलेला नाही, म्हणून तो पूर्वी इतकी घेईलच असं धरून माल भरू नका.

उधारीचं म्हणाल तर सरळ सांगतो, ओपन अकाउंटवर, म्हणजे बँकेच्या हमीशिवाय नुसत्या उधारीवर, देऊ नका. एलसी (त्याच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) मागा, तीही भारतातल्या बँकेनं कन्फर्म केलेली, म्हणजे तिकडच्या बँकेचे डॉलर संपले तरी तुमचे पैसे इकडची बँक देते. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यातीची उधारी बुडाली तर भरपाई देणारा विमा काढा. खर्च येतो थोडा, पण सात महिने काय असतात ते तुम्हाला माहीत आहे. आणि इतर देशांच्या सरकारांकडून घेतलेल्या कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते त्यांना २०२८ पासून परत सुरू करायचे आहेत, तेव्हा डॉलरवर पुन्हा ताण येईल.

प्रश्न: आपल्यावर पण इतकं कर्ज आहे, आपली अशी गत होईल का? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर: आपलं सरकारी कर्ज बहुतेक रुपयांत आहे, देशातल्याच बँका, विमा कंपन्या, पीएफ यांच्याकडून घेतलेलं. श्रीलंकेला डॉलरमधे फेडायचं होतं, फरक तिथं आहे. पण १९९१ ला आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर होते अन रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं होतं. घरी आजोबांना विचार, त्यांना आठवत असेल.