दुसरा फॉर्म भरू नका भाऊ, आधी पैसे कोणत्या बँकेत गेले ते बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं पिकोचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मातृ वंदना योजनेचा, म्हणजे बाळंतपणासाठी सरकार आईला देतं त्या पैशांचा, हप्ता पोर्टलवर जमा दाखवतो, वहिनींच्या पासबुकात एक रुपया नाही, ऑफिसवाले बँकेत पाठवतात, बँकवाले ऑफिसात, आणि आता म्हणतात नवीन फॉर्म भरा. २०२२ च्या मे महिन्यात मीही हेच रडगाणं गात फिरत होते. काखेत पाच महिन्यांची पोर आणि डोक्यावर नागपूरचं ऊन.

म्हणून आधी एकच सांगते. सोमवारी तो दुसरा फॉर्म भरायला जाऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी काही अधिकारी नाही, आशाताईही नाही. घरी ब्लाउज शिवते, आमचे हे कळमन्याच्या बाजारात हमालीला जातात. पहिल्या मुलीच्या वेळी योजना जुन्या पद्धतीची होती, ५,००० रुपये तीन हप्त्यांत, १,०००, २,००० आणि २,०००. आता पहिल्या बाळाला ३,००० आणि २,००० असे दोनच हप्ते आहेत. त्यामुळे माझ्या वेळचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. पण जिथे मी अडकले तो खड्डा तोच दिसतो.

आशाताई, कार्ड, पाळीची तारीख, जन्मदाखला हे तुम्ही केलेलंच असणार, त्यात वेळ घालवत नाही. बाळाला चौदाव्या आठवड्याची लस झाली असं तुम्ही लिहिलं आहेच. म्हणजे सरकारने घातलेल्या अटी तुम्ही पाळल्या. आमच्याही पाळून झाल्या होत्या. लसी तर पैसे नसते मिळाले तरी दिल्याच असत्या, त्यात कुणी आमच्यावर जबरदस्ती केली नाही. खरी अट फॉर्मवर कुठे लिहिलेलीच नव्हती.

ती अशी. फॉर्मवर तुम्ही जो खाते नंबर लिहिता, पासबुकाची जी झेरॉक्स लावता, पैसे तिकडेच जातील याची काही खात्री नाही. पैसे आधार नंबरावर सोडले जातात. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार सांभाळणारी संस्था, तिच्याकडे एक यादी असते, मॅपर म्हणतात तिला. त्या यादीत एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं, आणि ज्या बँकेने शेवटी नोंद केली तिचं. "माझं खातं आधारला लिंक आहे" असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा केवायसीचं, म्हणजे नुसतं ओळख पटवण्याचं, लिंक असतं. तसं चार बँकांत असू शकतं. पैसे येण्याची नोंद मात्र एकाच ठिकाणी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला बारा महिने कुणी सांगितलं नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनाही माहीत नव्हतं असं माझं मत झालं आहे.

माझी चूक सांगते. पहिला हप्ता १,००० रुपये बरोबर माझ्या खात्यात आला होता. म्हणून मी निर्धास्त. मग तान्ह्या पोळ्याच्या आसपास बाळंतपणासाठी माहेरी गेले. तिथे समाजमंदिरात एक पोरगा अंगठ्याचं मशीन घेऊन बसला होता. शून्य रुपयांत खातं, वर सिमकार्ड फुकट. माझी वहिनी गेली, शेजारची गेली, मीही सातव्या महिन्याचं पोट सांभाळत रांगेत उभी राहिले. दोनदा अंगठा लावला. पासबुक नाही, कागद नाही. सिम काही दिवस भावाच्या जुन्या फोनमध्ये होतं, मग तो फोनच पडला. मी विसरूनही गेले. त्या दोन अंगठ्यांनी माझ्या आधारपुढची बँक बदलली होती.

डिसेंबरमध्ये मुलगी झाली. दुसरा हप्ता गेला त्या खात्यात. मी पासबुक भरून आणते, काही नाही. लस झाली, तिसऱ्याची वेळ आली, काही नाही. मग सुरू झाल्या चकरा.

ज्या ऑफिसात मी जात होते त्याचं नाव लिहीत नाही, शहरात अशी ऑफिसं बरीच आहेत आणि सगळीकडे तीच माणसं नसतात. पण खिडकीतल्या साहेबांनी एकदाही स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही. पैसे कोणत्या बँकेत गेले, एवढं एकदा बघून सांगितलं असतं तर माझं काम त्याच दिवशी झालं असतं. ते म्हणायचे, "इथून पैसे गेले ना बाई, आता बँकेत विचारा." बँकेत विचारलं तर, "आमच्याकडे आलेच नाही, तिकडे विचारा." दोघंही खरंच बोलत होते, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं दोघांपैकी एकाने खाल्ले.

चौथ्या की पाचव्या चकरेला साहेब वैतागून म्हणाले, "असं करा, नवीन फॉर्म भरून द्या, दुसऱ्या बँकेचं पासबुक लावा." आणि मी भरला. माझी सगळ्यात मोठी चूक ही. अंगठ्याची चूक अडाणीपणातली होती, ती दुरुस्त झाली. ही झाली नाही. एकाच आधारवर, एकाच बाळासाठी दोन फॉर्म झाले. वर दुसऱ्या फॉर्ममध्ये पाळीची तारीख घाईत चुकीची लिहिली गेली. माझ्या नावापुढे डुप्लिकेट लागलं आणि तिसरा हप्ता तपासणीसाठी थांबला. तपासणी कोण करणार, तर तेच साहेब. त्यांची पुढे बदली झाली. नवीन आले ते म्हणाले, हे जुन्या सॉफ्टवेअरमधलं आहे, आता दिसत नाही. ते २,००० रुपये आजपर्यंत आले नाहीत. मुलगी आता शाळेत जाते.

हिशेबही केला होता मी, वहीत आहे. अकरा चकरा. प्रत्येक वेळी ई-रिक्षा, झेरॉक्स, आणि शिलाईचा दिवस बुडाला तो वेगळा. यांनी दोन दिवस काम सोडलं त्याचे वेगळे. जवळपास ३,००० रुपये गेले. ही योजना बाईची मजुरी बुडते त्याची भरपाई म्हणून आहे असं कागदावर लिहिलेलं असतं. वाचलं की हसू येतं.

गुंता सुटला तो एका दुसऱ्याच शाखेतल्या मुलीमुळे. मी तिथे बचत गटाच्या कामाला गेले होते. तिने विचारलं, "काऊन ताई, इतक्या उन्हात लेकराला घेऊन?" मी सांगितलं. तिने आधार नंबर घेतला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "तुमचं डीबीटी आमच्याकडे नाही, अमुक बँकेकडे आहे." डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. त्या बँकेचं नाव ऐकल्यावर मला समाजमंदिर आठवलं. पुढची गंमत ऐका. त्या बँकेची शाखा आमच्या भागात नव्हती, सिम नव्हतं, ओटीपी कुठे येणार? पण आधार आणि अंगठ्यावर कोणत्याही बँक मित्राकडून, म्हणजे बँकेच्या वतीने मशीन घेऊन बसणाऱ्याकडून, पैसे निघतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात ते मशीन आहे. मशीनवर त्या बँकेचं नाव निवडलं, अंगठा लावला, २,००० निघाले. घरापासून शंभर पावलांवर माझे पैसे होते आणि मी सगळं शहर पालथं घातलं.

तर आता तुमचं. वहिनींच्या आधारला जो मोबाइल जोडला आहे तो जवळ ठेवा, आधारच्या साइटवर लॉगिन करा आणि बँक सीडिंग स्टेटस बघा, म्हणजे आधारपुढे कोणत्या बँकेची नोंद आहे ते. तिथे बँकेचं नाव दिसतं आणि चालू आहे की नाही ते दिसतं. खाते नंबर दिसत नाही, पण नाव पुरतं. ते नाव तुमच्या पासबुकावरचं नसेल तर उत्तर मिळालं. तेच असेल, तर मात्र त्याच बँकेत वहिनींचं दुसरं जुनं खातं आहे का ते विचारा, जनधनचं वगैरे. आधी तिथे एक मॅडम "आमच्याकडे आलेच नाही" म्हणाल्या तरी आधार नंबरावरून शोधायला लावा, पासबुकावरून नको. आधारला जुनाच मोबाइल असेल तर आधी तो बदलून घ्या, आधार केंद्रात जाऊन, त्याशिवाय साइटवर लॉगिनचा ओटीपी येत नाही.

नोंद आपल्या बँकेत आणायची तर आपल्या शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म असतो. त्यात एक ओळ असते, माझं डीबीटी आधी दुसऱ्या बँकेत आहे, ते इकडे आणा, आणि जुन्या बँकेचं नाव लिहायची जागा. बरेच लोक नुसतं "आधार लिंक करून द्या" म्हणतात, मग बँकवाले केवायसी करून मोकळे होतात. "डीबीटीसाठी सीडिंग" हेच शब्द वापरा. पोच घ्या. काही दिवसांनी साइटवर पुन्हा बघा. जुनी नोंद आपोआप जाते, जुनं खातं बंद करायला धावू नका, आधी त्यातले पैसे काढा. ही घाई आमच्या शेजारणीने केली होती, तिचं वेगळंच रामायण झालं.

आणि अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढताना पावती घ्याच. "लागला नाही, पुन्हा लावा" म्हणून दोनदा अंगठा घेतात आणि दोनदा पैसे काढतात असे प्रकार होतात. सगळे तसे नसतात, आमचा किराणावाला सज्जन आहे. तरी पावती घ्या.

पैसे सापडले नाहीत तरी नवीन फॉर्म नको. जुन्याच फॉर्मची दुरुस्ती मागा, लेखी अर्ज द्या, आवक नंबर घ्या. मी तोंडी बोलत राहिले, हातात कागद नव्हता, म्हणून साहेबांची बदली झाल्यावर मी शून्यावर आले.

थोडं विषयाबाहेर जाते. मागे बचत गटाच्या प्रशिक्षणात एका ताईंनी सांगितलं होतं की मेक्सिकोत १९९७ साली प्रोग्रेसा नावाने असंच सुरू झालं, मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली की आईच्या हातात पैसे. मग ब्राझीलने २००३ मध्ये बोल्सा फमिलिया आणली, तिथेही शाळेची हजेरी आणि लसीकरणाची अट. आईच्या हातात, हे मला फार पटलं. आमच्या घरात खात्यावर माझं नाव आहे म्हणून ते पैसे पोरीच्या दुधाला गेले, नाहीतर कुठे गेले असते ते सांगत नाही, हे वाचतील. पण अट घालायची तर ती दोन्ही बाजूंना घाला ना. मी लस चुकवली तर हप्ता बंद. तुमच्या खिडकीने माझे पैसे कुठे गेले ते सांगितलं नाही, तर कुणाचं काय बंद होतं? लाडक्या बहिणीच्या १,५०० ला लसीची, शाळेची अट नाही, म्हणून लोक नाव ठेवतात की फुकट वाटून राहिले. मला तसं वाटत नाही. बघा पण, आधारची नोंद चुकीची असेल तर तेही तसेच भलतीकडे जातात. या माझ्या मतावरून इथे भांडण नको.

तुम्हाला मुलगी झाली असं पोस्टमध्ये दिसलं, म्हणून एक जोडते. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आहे, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षांची झाली की ७५,०००. हे अंगणवाडीतून होतं, मातृ वंदना माझ्या वेळी आरोग्य खात्यातून होती. तेव्हा दोन वेगळी दारं होती, एकाकडे दुसऱ्याचं विचारलं की दोघंही चिडायचे. माझी धाकटी यात बसली. तिच्यासाठी मला कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचं प्रमाणपत्र लागलं. तुमची पहिलीच आहे, तुम्हाला आज नाही लागणार, पण तिसऱ्या हप्त्याच्या वेळी मागतात. कधी केलं तर कागद जपून ठेवा. दुसरीही मुलगीच झाली तर मातृ वंदनाचे एकरकमी ६,००० मिळतात, फक्त जन्मापासून २७० दिवसांत नोंद करावी लागते. धाकटीच्या वेळी मी बाळंतपणाला जायच्या आधीच सीडिंग स्टेटस बघून घेतलं होतं. ६,००० सरळ खात्यात आले, एकही चक्कर नाही.

आता मशीनवर बसते, उद्या दोन ब्लाउज द्यायचे आहेत. स्टेटसमध्ये कोणत्या बँकेचं नाव आलं तेवढं खाली लिहा, मग पुढचं सांगते. आधार नंबर आणि ओटीपी मात्र इथे टाकू नका, आणि कुणी खाजगी मेसेजमध्ये "मी करून देतो" म्हणाला तर त्यालाही देऊ नका.