जे मुळात नाहीच, त्याबद्दलचं वाक्य खरं कसं असू शकतं?

तुमचा प्रश्न: 'सशाचं शिंग अस्तित्वात नाही' हे वाक्य खरं आहे, पण ते खरं आहे ते कशाबद्दल? शिंग तर नाहीच.

माझ्या मते सगळी खोड 'आहे' या शब्दाची. 'महापौर आहेत' आणि 'महापौर टकले आहेत' ही वाक्यं एकाच छापाची दिसतात, त्यामुळे असणं हाही टक्कल असण्यासारखाच एक गुण वाटायला लागतो. मग 'शिंग नाही' म्हणायलासुद्धा आधी कुठलं तरी शिंग हजर करावं लागतं.

नैयायिकांनी, म्हणजे न्याय या भारतीय तर्कपरंपरेतल्या विचारवंतांनी, हे फार पूर्वी ओळखलं. त्यांच्यातले उदयनाचार्य 'शशशृंग' (सशाचं शिंग) ही गाठच सोडवतात. ससा खरा, शिंगही खरं, गाईच्या डोक्यावर पाहिलेलं. नाकारायचं ते फक्त सशाच्या डोक्यावर शिंग असणं.

१९०५ साली ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं वेगळ्या वाटेनं जवळपास तेच केलं. त्याचं उदाहरण फ्रान्सच्या सध्याच्या राजाचं, जो मुळात नव्हताच. मी आपल्याकडचं देतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. २०२३ साली कोणी म्हणालं असतं, 'मुंबईचे सध्याचे महापौर टकले आहेत', तर? टकल्यांच्या यादीत ते सापडणार नाहीत, केसवाल्यांच्याही नाही. रसेलच्या मते त्या वाक्यात तीन दावे दडलेत: महापौर कोणीतरी आहे, एकच आहे आणि तो टकला आहे. पहिलाच दावा पडतो, म्हणून वाक्य खोटं. मग उलट वाक्य खरं? 'महापौर आहेत, पण टकले नाहीत' असा अर्थ घेतला तर तेही खोटं. 'महापौर आहेत आणि ते टकले आहेत, असं नाही' हे मात्र खरं. 'नाही' कुठे बसवला, एवढ्यावर निकाल फिरतो.

स्ट्रॉसन या दुसऱ्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५० मध्ये यावर हरकत घेतली: असं कोणी बोललं तर आपण 'खोटं' म्हणत नाही, 'अहो, महापौर आहेत कुठे?' असं विचारतो. खऱ्या-खोट्याचा प्रश्नच उठत नाही. रोजच्या बोलण्यापुरतं मला त्याचंच पटतं.

रसेलशी माझं खरं भांडण मात्र चिऊताईवरून आहे. 'चिऊचं घर मेणाचं होतं' आणि 'चिऊचं घर शेणाचं होतं' ही त्याच्या हिशेबात सारखीच खोटी, कारण तशी चिऊच अस्तित्वात नाही. माझी चार वर्षांची भाची दुसरं वाक्य ऐकलं की गोष्ट थांबवते आणि मला पहिल्यापासून सांगायला लावते.