ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहायचं काय?

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे वेबसाइटवरच्या फोटोला जोडलेलं लेखी वर्णन. त्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून निवडक उत्तरं इथे.

फोटोखालची ओळ आणि ऑल्ट टेक्स्ट एकच का? (मेहकर)
नाही. ओळ सगळ्यांना दिसते. ऑल्ट टेक्स्ट अंधांना स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) वाचून दाखवतो, आणि फोटो उघडला नाही तर त्या जागी हाच मजकूर दिसतो.

आमच्या संत्रा कंपनीची साइट करणारा म्हणतो, प्रत्येक फोटोला ‘बेस्ट संत्रा, स्वस्त संत्रा, वरुड संत्रा’ लिहिलं की गूगलवर पहिले याल. (वरुड)
पैसे दिले नसतील तर थांबा. असे शब्द कोंबले तर साइट स्पॅम समजली जाऊ शकते, हे गूगलनंच लिहून ठेवलंय. ‘क्रेटमध्ये भरलेली आंबिया बहाराची संत्री’ पुरे. पहिल्या नंबरची हमी कोणी देत असेल, तर सही करण्याआधी करार जाणत्याला दाखवा.

१२५ अक्षरांचीच मर्यादा आहे ना?
ऐकीव गोष्ट. वेब सुगम्यतेच्या (साइट दिव्यांगांनाही वापरता येण्याच्या) मानकात असा आकडा नाही. तरी थोडक्यातच लिहा.

ग्रामपंचायतीची नोटीस स्कॅन करून टाकतो. ऑल्टमध्ये ‘सूचना’ लिहिलं तर चालेल? (धारणी तालुका)
नाही चालणार. ऐकणाऱ्याला ‘सूचना’ एवढंच कळतं. ग्रामसभा कधी, अर्जाची मुदत कोणती, काही नाही. अख्खी नोटीस ऑल्टमध्ये कोंबणं हाही उपाय नाही: तिथे ना मथळा राहतो, ना तक्त्याच्या ओळी. मजकूर पानावर मजकूर म्हणूनच हवा. हे होत नाही त्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच. नोटीस कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते, साइटवर चिकटवली की अक्षरांचा खिचडा होतो, मग ऑपरेटर फोटो टाकून मोकळा! युनिकोडमध्ये टाइप करा. जुना मजकूर कन्व्हर्टरनं बदलला तर जोडाक्षरं आणि आकडे तपासा. पानाची भाषा मराठी नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी इंग्रजी आवाजात वाचू शकतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ‘पुढच्या मासिक सभेत बघू’ पुरे झालं. गावातल्या एखाद्या अंध माणसाला पान ऐकवा, तो अडेल तिथे दुरुस्त करा. तांत्रिक अडचण असेल तर सुगम्यतेचं काम येणाऱ्याला विचारा.

कडेच्या वेलबुट्टीला काय लिहू?
काही नाही. ऑल्ट रिकामा ठेवा, पण गाळू नका. गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसतात.

एआयनं लिहिलेलं वर्णन तसंच ठेवू? आमचा होमस्टे आहे. (चिमूर)
वाचल्याशिवाय नको. ‘झाडांमध्ये जीप’ एवढं यंत्र सांगेल. त्या फोटोवर दाबलं की ताडोब्याच्या कोलारा गेटच्या सफारीचं बुकिंग उघडतं, हे तुम्हीच लिहायचं.