गाजर गवताची खाज सेटिरिझिनने का थांबत नाही?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या खाजून जाड, काळ्या पडल्यात, निंदणाच्या दिवसांत त्रास वाढतो आणि रोज सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेऊनही फरक नाही. वर्णनावरून मला गाजर गवताचाच दाट संशय येतो.

शिंका, अंगावर पित्त उठणं हे मास्ट पेशी नावाच्या अ‍ॅलर्जीच्या पेशींचं काम. त्यांच्यावर आयजीई नावाची प्रतिपिंडं बसलेली असतात. परागकण भिडला की काही मिनिटांत हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सुटतं. सेटिरिझिन अडवते ते या हिस्टामिनला.

गाजर गवताचा त्वचारोग मात्र मुख्यतः टी पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. गवतातलं पार्थेनिन हे रसायन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्वचेतल्या लँगरहान्स पेशी ते लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात, आणि ती ओळख वर्षानुवर्षं पुसली जात नाही. पुढच्या वेळी दाह उठतो तो एक-दोन दिवसांनी. म्हणूनच आपल्याकडे आळ येतो आदल्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीवर! बिचाऱ्या बाबांचं जेवण तोडू नका. शिवाय वाळलेल्या गवताची धूळही उडून पापण्यांवर बसते, हात लावायलाच हवा असं नाही.

रिपोर्टमधल्या वाढलेल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींवरून निदान होत नाही. या पेशी पोटातल्या जंतांनीही वाढतात.

आता त्या सुईबद्दल. तिने पंधरा दिवस आराम पडतो म्हणता, म्हणजे ती बहुधा स्टेरॉइडची असावी. स्टेरॉइड टी पेशींना दाबतं, म्हणून गुण येतो. पण दर पावसाळ्यात सुया घेत राहिल्या तर साखर, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. हे मला फार काळजीचं वाटतं. स्टेरॉइडच्या गोळ्याही रोज चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभागात दाखवा, पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात, मग पुन्हा एकदा बघतात. आजार जुना असेल तर डॉक्टर अ‍ॅझाथायोप्रिन देऊ शकतात. ते टी पेशींची वाढ रोखतं, पण रक्त आणि लिव्हरची तपासणी वेळोवेळी करावीच लागते.

तोवर धुऱ्यावरचं गवत फुलावर येण्याआधी दुसऱ्या कुणाकडून उपटून घ्या, हातमोजे घालून. बाबांनी वावरातून आल्याबरोबर अंघोळ करावी, आणि दुपट्टा रोज धुवावा. जाताना सुयांच्या रिकाम्या बाटल्या किंवा चिठ्ठ्या सोबत न्या.