पुस्तकातला चेंडू हातात का येत नाही?

प्रश्न : मुलगी १० महिन्यांची आहे. पुस्तकात चेंडू दिसला की नखांनी पान खरवडून तो उचलायला बघते. तिला चित्र आणि खरी वस्तू यांतला फरक कळत नाही का?

उत्तर : फरक दिसतो. ५ महिन्यांचं बाळही खरी बाहुली आणि तिचा फोटो वेगळे ओळखतं. कळायचं राहिलेलं असतं ते हे, की चित्र ही वस्तू नसून वस्तूची खूण आहे. ते हात लावूनच कळतं. बालमानसशास्त्रज्ञ जूडी डीलोश आणि सहकाऱ्यांच्या १९९८च्या अभ्यासात ९ महिन्यांची बाळं हुबेहूब फोटो चोळत होती, चिमटीत धरू पाहत होती. १९ महिन्यांची मुलं मात्र बोट दाखवत होती. तेव्हा तिला अडवू नका, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक द्या.

पानावर एकच वस्तू, कोरी पार्श्वभूमी आणि शक्यतो फोटो असावा. चित्रावर बोट ठेवून ‘चेंडू’ म्हणा, लगेच खरा चेंडू हातात द्या, मग पुन्हा चित्र. झडपा उघडायची, पट्ट्या ओढायची पुस्तकं नवे शब्द शिकवायला टाळा. मूल झडपेतच रमतं आणि शब्द निसटतो. पुस्तक उलटं धरलं तर धरू द्या.

प्रश्न : मुलगा २ वर्षांचा आहे. खेळणं कुठे लपवलं ते व्हिडिओवर दाखवलं, तरी त्याला सापडत नाही. विसरतो का?

उत्तर : नाही, स्मरणशक्ती ठीक आहे. हीच लपवालपवी खिडकीतून दाखवली, तर याच वयाची मुलं खेळणं बरोबर काढतात. पडद्यावर मात्र बहुतेकांची फसगत होते, कारण पडद्यातली खोली म्हणजे आपलीच खोली, हा धागा जुळलेला नसतो. अडीच वर्षांच्या सुमारास तो बहुधा जुळतो.

घरी एक उपाय करता येतो. फोनचा कॅमेरा मोठ्या पडद्याला जोडा आणि मुलाला त्यात स्वतःलाच थेट बघू द्या. त्याने हात हलवला की पडद्यावरचा हात हलतो, टोपी घातली की तिथेही टोपी दिसते. अशी २ आठवडे सवय झालेली दोन वर्षांची मुलं व्हिडिओतून जागा शोधण्यात सरस ठरली आहेत. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओत हा प्रतिसाद नसतो, म्हणून तो कितीही वेळा लावला तरी हे काम करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाळा : या वयात पडदा दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं.